हालचालींचे विकार आणि पिट्युटरीचे आजार : शस्त्रक्रियेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या न्यूरोसर्जरी विभागाकडे पत्रांतून, फोनवरून आणि ओपीडीच्या दारात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. मेंदूचं ऑपरेशन चालू असताना जागा असलेल्या पेशंटच्या बाजूला बसून त्याची हालचाल तपासणं हे माझं काम. जवळजवळ प्रत्येक पत्रात "ऑपरेशन करावं का?" असं विचारलेलं असतं. तुमच्या डॉक्टरांना त्याऐवजी दोन गोष्टी विचारा: माझ्या तक्रारींपैकी कोणत्या जातील आणि कोणत्या राहतील? खालची बहुतेक उत्तरं याच दोन प्रश्नांभोवती फिरतात.

१. पार्किन्सन आणि पिट्युटरी हे अगदी वेगळे आजार आहेत. मग एकाच पानावर का?

एक कारण साधं आहे. दोन्हींची ऑपरेशनं मेंदूत खोलवर किंवा त्याच्या तळाशी, मिलिमीटरच्या हिशोबात होतात आणि ती न्यूरोसर्जनच करतात. दुसरं कारण डोपामिन. मेंदूत डोपामिन कमी पडलं की हालचाल मंदावते, आणि हेच डोपामिन पिट्युटरीला, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीला, जास्त प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) बनवू देत नाही. त्यामुळे ब्रोमोक्रिप्टिन ही एकच गोळी पार्किन्सनसाठीही वापरली गेली आणि प्रोलॅक्टिनच्या गाठीसाठीही.

आता उलट बाजूनं बघा. मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन किंवा उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड अशी डोपामिन अडवणारी औषधं बराच काळ घेतली, तर काही जणांचे हात थरथरू लागतात, चाल मंदावते आणि रक्तातलं प्रोलॅक्टिनही वाढतं. अशा माणसाला ना डीबीएस (मेंदूत तार बसवून वीज देण्याचं ऑपरेशन) लागतं, ना पिट्युटरीचं ऑपरेशन. त्याचं औषध बदलावं लागतं, तेही ज्यांनी ते दिलं त्या डॉक्टरांशी बोलून. म्हणून पहिल्या भेटीला येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. उलटीच्या आणि ॲसिडिटीच्याही.

## हालचालींचे विकार

२. डीबीएसमध्ये नेमकं काय करतात? मेंदूचा भाग कापून काढतात का?

काहीही कापून काढत नाहीत. डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन. कवटीला छोटं छिद्र पाडून साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूत आत सोडतात. ती त्वचेखालून, कानामागून आणि मानेतून खाली आणून छातीत बसवलेल्या पेसमेकरसारख्या यंत्राला जोडतात. हे यंत्र सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचा अगदी सौम्य ठोका देतं. मेंदूच्या बिघडलेल्या भागात एक चुकीची लय सतत घुमत असते, ती या ठोक्यांनी मोडते. योग्य सेटिंगला पेशंटला हे ठोके जाणवतही नाहीत.

या उपचाराची सुरुवात फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात झाली. त्या काळी थरथर थांबवायला थॅलॅमस या मेंदूतल्या खोल भागातला बारीक बिंदू जाळत असत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे बघायला वीज देत असताना तिथले न्यूरोसर्जन आलीम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आलं, की ठोके भराभर दिले तर नुसत्या विजेनंच थरथर थांबते. १९८७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. १९९३ पर्यंत त्यांच्या गटानं पार्किन्सनसाठी सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा नवा बिंदू निवडला होता. आज पार्किन्सनमध्ये तार बहुतेक वेळा तिथे किंवा ग्लोबस पॅलिडस या जवळच्या भागात बसवतात. फक्त थरथर हीच तक्रार असेल तर थॅलॅमसमध्ये.

३. वडिलांचा हात थरथरतो, चालताना तोल जातो, बोलणंही अस्पष्ट झालंय. डीबीएसनं सगळं बरं होईल का?

हात बहुधा सुधारेल. तोल आणि बोलणं बहुधा सुधारणार नाही, आणि बोलणं क्वचित थोडं बिघडूही शकतं.

इथे एक नियम पाठ करून ठेवा: लिवोडोपाच्या, म्हणजे मेंदूतलं डोपामिन भरून काढणाऱ्या गोळीनं जे सुधारतं, तेच डीबीएसनं सुधारतं. गोळी पूर्ण चढल्यावर दिवसातला जो सगळ्यात चांगला तास असतो, तो तास डीबीएस दिवसभर पसरवतं. त्याहून चांगला तास ते देत नाही. गोळी चढलेली असतानाही पाय जमिनीला चिकटत असतील किंवा तोल जात असेल, तर ऑपरेशननंतरही ते तसंच राहतं. या नियमाला मोठा अपवाद थरथरीचा आहे. काहींची थरथर गोळीला दाद देत नाही, पण डीबीएसनं थांबते.

हे तपासायला लिवोडोपा चाचणी करतात. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी हालचालींना गुण देतात. मग नेहमीपेक्षा थोडा मोठा डोस देऊन, तो चढल्यावर पुन्हा गुण देतात. निदान ३०% फरक पडावा अशी साधारण अपेक्षा असते. त्या सकाळी पेशंटचे हाल होतात हे मान्य, पण चुकीचं ऑपरेशन टाळणारी ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. ती टाळू नका.

विस्मरण, भास, बद्धकोष्ठता यांवर डीबीएसचा उपयोग नाही. स्मृतिभ्रंश सुरू झालेला असेल तर ऑपरेशनमुळे गोंधळ वाढू शकतो. आणि मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी किंवा सुप्रान्यूक्लियर पाल्सी हे पार्किन्सनसारखे दिसणारे आजार असतील, तर डीबीएस करूच नये.

४. डॉक्टर म्हणतात "अजून गोळ्या चालतायत, घाई नको". मग नेमकं कधी?

पूर्वी सगळे उपाय थकले की डीबीएस, असाच रिवाज होता. २०१३ मध्ये अर्लीस्टिम या नावानं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजार किमान चार वर्षांचा असलेले आणि गोळीच्या चढउताराचा त्रास नुकताच सुरू झालेले लोक घेतले होते. नुसत्या गोळ्यांपेक्षा गोळ्या आणि डीबीएस घेणाऱ्यांचं रोजचं जगणं दोन वर्षांनंतर जास्त चांगलं होतं.

म्हणून गोळीचा असर पुढच्या डोसच्या आधीच उतरायला लागला, किंवा असर असताना अंग आपोआप वळवळू लागलं, की चौकशी सुरू करावी. निदान झाल्याबरोबर घाई करू नये, कारण पहिल्या काही वर्षांत आजार खरोखर पार्किन्सनच आहे का, हेच पक्कं नसतं. मला जास्त काळजी दुसऱ्या टोकाची वाटते. आमच्याकडे येणारे बरेच जण तीन-चार वर्षं उशिरा येतात आणि तोवर तोल गेलेला असतो.

आठवडाभर एक वही ठेवा. गोळी कधी घेतली, कधी चढली, कधी उतरली, एवढंच लिहा. ओपीडीतल्या दहा मिनिटांत जे कळत नाही ते त्या वहीतून कळतं.

५. जागं ठेवून डोक्याचं ऑपरेशन? दुखणार नाही?

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते डोक्याच्या त्वचेला आणि हाडावरच्या आवरणाला, आणि तिथे भुलेचं इंजेक्शन देतात. छिद्र पाडताना आवाज मोठा येतो, कवटीभर घुमतो. तो किती वेळ चालणार हे आधी सांगितलं तर लोक शांत राहतात, असा माझा अनुभव आहे.

मी तुमच्या समोर कागद लावलेली पाटी धरते आणि तुम्ही आतून बाहेर गोल गोल फिरत जाणारी रेघ काढता. ऑपरेशनआधी काढलेली रेघ करवतीच्या दात्यांसारखी असते. तार जागेवर आली, वीज हळूहळू वाढवली, की कागदावरचे दाते बोथट होतात आणि मग रेघ नुसतीच गोल फिरते. त्या क्षणी पुष्कळ जण पेन खाली ठेवून स्वतःच्या हाताकडे बघत राहतात. वीज आणखी वाढवून आम्ही मुद्दाम दुष्परिणामही तपासतो: जीभ जड होते का, तोंड ओढलं जातं का, बोटांत मुंग्या येतात का. तार एखादा मिलिमीटर सरकवायची का, हे त्यावर ठरतं.

भीती फारच असेल, डिस्टोनियामुळे (स्नायू आपोआप पिळवटण्याचा विकार) मान स्थिर राहत नसेल किंवा गोळीविना पडून राहणं अशक्य असेल, तर पूर्ण भूल देऊन एमआरआय आणि सीटीच्या आधारानंही तार अचूक बसवता येते. जागं राहायची तयारी नाही म्हणून कोणी डीबीएसपासून वंचित राहायला नको.

६. डीबीएसनंतर गोळ्या कायमच्या बंद होतील ना?

बहुतेकांच्या होत नाहीत. सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये तार असेल तर गोळ्या बऱ्याच कमी होतात, काहींच्या निम्म्यापर्यंत. ग्लोबस पॅलिडसमध्ये असेल तर अंगाची वळवळ थेट कमी होते, पण डोस साधारण तोच राहतो. गोळ्या एकदम कमी करू नका. काही आठवड्यांत माणूस उदास, निरुत्साही होतो आणि घरच्यांना वाटतं, ऑपरेशन फसलं.

७. ऑपरेशननंतर दोन दिवस खूप छान होतं, आता पुन्हा थरथर सुरू झाली. तार सरकली का?

बहुधा नाही. तार आत जाताना आसपास थोडी सूज येते आणि त्या सुजेनंच तात्पुरता फायदा होतो. सूज उतरली की जुन्या तक्रारी परत येतात. यंत्र बहुतेक ठिकाणी दोन ते चार आठवड्यांनी चालू करतात. मग सेटिंग जुळवायला काही भेटी आणि काही महिने लागतात. थरथर वीज चालू केल्यावर मिनिटाभरात थांबते, ताठरपणा तासाभरात सैल होतो, चालीला जास्त वेळ लागतो. डिस्टोनियाचा हिशोब वेगळा आहे, तो प्रश्न १० मध्ये.

८. जीवाला धोका किती?

सगळ्यात गंभीर धोका मेंदूत रक्तस्राव होण्याचा. अनुभवी केंद्रांत तो १ ते २ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि त्यातल्या काहींनाच कायमचा अधूपणा येतो. यंत्राला जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण त्याहून जास्त आहे आणि त्यात कधी कधी यंत्र काढावं लागतं. छातीवरच्या किंवा कानामागच्या जखमेजवळ लाली, पाणी किंवा तारेवरची त्वचा पातळ झाल्यासारखी दिसली, तर त्याच दिवशी दाखवा. घरी मलम लावून वाट बघण्यात यंत्र गमावलेले लोक मी पाहिले आहेत. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ती कधी थांबवायची हे लेखी घ्या.

९. न कापता अल्ट्रासाउंडनं थरथर जाते म्हणे. मग डीबीएस कशाला?

जाते, हे खरं आहे. फोकस्ड अल्ट्रासाउंडमध्ये एमआरआयच्या आत डोक्यावर हेल्मेट बसवून हजाराहून जास्त ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटतात. तो बिंदू ५५ ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवून निकामी करतात. टाके नाहीत, यंत्र नाही, बॅटरी नाही. पार्किन्सन नसलेल्या, पेला ओठांशी नेताना हात थरथरणाऱ्या लोकांसाठी, म्हणजे इसेन्शियल ट्रेमरसाठी, २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं याला मान्यता दिली.

पण जाळलेला बिंदू परत आणता येत नाही. डीबीएसची वीज कमी-जास्त करता येते, बंद करता येते. अल्ट्रासाउंड आधी एकाच बाजूला करतात, कारण दोन्ही बाजूंना केलं तर बोलणं आणि तोल बिघडायची भीती जास्त. काही लोकांची कवटीच अशी असते की लहरी आत नीट पोचत नाहीत. हे सीटीवर आधी मोजतात, म्हणून "माझं का केलं नाही" याचं उत्तर कधी कधी नुसतं हाडात असतं. वय जास्त असलेल्या, एकाच हाताच्या थरथरीनं हैराण झालेल्या माणसाला मी अल्ट्रासाउंड सुचवीन. पन्नाशीतल्या, दोन्ही बाजूंनी पार्किन्सन असलेल्याला डीबीएस.

बिंदू निकामी करण्याच्या या वाटेला एका अपघातानंही चालना दिली. १९५२ मध्ये अमेरिकी न्यूरोसर्जन अर्व्हिंग कूपर यांच्या हातून पार्किन्सनच्या ऑपरेशनमध्ये एक रक्तवाहिनी फाटली. ती बांधून त्यांनी ऑपरेशन अर्ध्यावर सोडलं. पेशंट शुद्धीवर आला तेव्हा लकवा झालेला नव्हता आणि थरथर गेलेली होती.

१०. मुलीला डिस्टोनिया आहे. डीबीएस होऊन तीन आठवडे झाले, काहीच फरक नाही.

धीर धरा. डिस्टोनियात स्नायूंची पिळवटलेली सवय मोडायला आठवडे, बहुधा महिने लागतात. पूर्ण फायदा दिसायला वर्षही लागू शकतं. डीवायटी१ जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या डिस्टोनियात परिणाम सहसा सर्वांत चांगला असतो, आणि सांधे कायमचे आखडण्याआधी केलं तर आणखी चांगला. जन्माच्या वेळी मेंदूला इजा होऊन आलेल्या डिस्टोनियात फायदा कमी आणि बेभरवशाचा असतो. हे आधीच स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर आईवडील स्वतःला दोष देत बसतात. लहान मुलांत ऑपरेशनआधी लिवोडोपाचा प्रयोग झालाच पाहिजे, कारण डिस्टोनियाचा एक प्रकार थोड्याशा लिवोडोपानं पूर्ण आटोक्यात येतो.

११. यंत्र बसवल्यावर रोजच्या जगण्यात काय सांभाळायचं?

मोबाइल, मायक्रोवेव्ह, टीव्ही बिनधास्त वापरा. एमआरआय बहुतेक नव्या यंत्रांत अटी पाळून करता येतो. त्याआधी मॉडेल नंबर असलेलं कार्ड दाखवा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: डायथर्मी, म्हणजे फिजिओथेरपीत लहरींनी देतात तो खोल शेक. मग तो गुडघ्याला असला तरीही. त्या ऊर्जेनं मेंदूतलं तारेचं टोक तापतं. यातून गंभीर इजा आणि मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.

साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं पुरते, चार्जिंगची पंधरा वर्षं किंवा जास्त. ती संपत आली की आधीच बदला. बॅटरी अचानक संपली तर पार्किन्सनचा माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो आणि डिस्टोनियात जिवावर बेतू शकतं. असं झालं तर इमर्जन्सीत जायचं, सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही.

आणि पोहणं. २०१९ मध्ये नऊ जणांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. हे पूर्वी उत्तम पोहणारे लोक. डीबीएसनंतर चालणं-फिरणं सुधारलं, पण पाण्यात उतरल्यावर हातपायांचा मेळच बसेना. एक जण तर बुडता बुडता वाचला. म्हणून पहिल्यांदा उथळ पाण्यात, सोबतीला कोणी असेल तेव्हाच उतरा.

१२. ऑपरेशननंतर नवऱ्याचा स्वभाव बदललाय. अखंड खरेदी, रात्री झोप नाही. माझ्या मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. विजेचं सेटिंग किंवा डोपामिनसारख्या गोळ्या, जसं प्रामिपेक्सोल, यांमुळे जुगार, उधळपट्टी, अनावर लैंगिक इच्छा, चिडचिड असे बदल होऊ शकतात. पेशंटला स्वतःला ते जाणवत नाहीत, उलट छान वाटत असतं. त्यामुळे घरच्यांनीच कळवायला हवं, आणि लाजेनं गप्प बसू नये. सेटिंग बदलून, गोळ्या कमी करून हे बहुधा आटोक्यात येतं. उलट बाजूला, खोल उदासी किंवा जीव देण्याचे विचार दिसले तर त्याच दिवशी फोन करा. हाच त्रास प्रोलॅक्टिनच्या गाठीसाठी कॅबर्गोलिन घेणाऱ्यांनाही होऊ शकतो (प्रश्न १४).

## पिट्युटरीचे आजार

१३. एमआरआयमध्ये पिट्युटरीत गाठ आलीय. रिपोर्टवर "न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर" लिहिलंय. कॅन्सर आहे का?

जवळजवळ नक्कीच नाही. पिट्युटरी ही नाकाच्या मागे, कवटीच्या तळाच्या खळगीत बसलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. तिथल्या गाठींना वर्षानुवर्षं ॲडिनोमा म्हणत. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात नाव बदललं, गाठी त्याच राहिल्या. शरीरभर पसरणारा प्रकार अत्यंत दुर्मीळ आहे.

गाठ त्रास देते ती दोन रीतींनी. एखादं हार्मोन जास्त बनवून, किंवा वाढून शेजाऱ्यांना दाबून. वरचा शेजारी म्हणजे डोळ्यांच्या नसांचा चौक. तो दबला की दोन्ही बाजूंची कडेची नजर जाते. समोरचं स्पष्ट दिसत असल्यामुळे हे लक्षात येत नाही, दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागतो तेव्हा कळतं. दहा मिलिमीटरच्या आतली गाठ मायक्रो, त्यापासून पुढची मॅक्रो.

दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय केला आणि छोटी गाठ सापडली, असंही फार वेळा होतं. सुमारे १०% लोकांमध्ये अशी गाठ असते. हार्मोन्स ठीक असतील आणि गाठ लहान असेल तर ठरावीक अंतरानं एमआरआय करत राहणं एवढंच पुरतं.

१४. गाठ आहे, प्रोलॅक्टिन खूप जास्त आहे, तरी डॉक्टर ऑपरेशन न करता नुसत्या गोळ्या देतायत. चालेल का?

चालेल, तोच योग्य मार्ग आहे. प्रोलॅक्टिनची गाठ हा ट्यूमर गोळीनं आकसतो, गाठ मोठी असली आणि नजर दबलेली असली तरीही. कॅबर्गोलिन आठवड्यातून एक-दोनदाच घ्यायची असते. मळमळ आणि चक्कर टाळायला रात्री जेवणानंतर घ्या. गोळी सोसत नसेल, असर होत नसेल किंवा गाठ लहान असून पेशंटलाच कायमची गोळी नको असेल, तर ऑपरेशनचा विचार करतात. गोळी चालू असताना नाकातून पाण्यासारखा स्राव सुरू झाला तर प्रश्न १७ वाचा. गाठीनं हाड पोखरलेलं असेल तर ती आकसल्यावर भोक उघडं पडू शकतं.

दिवस राहिले तर लहान गाठीत गोळी सहसा थांबवतात, कारण गर्भारपणात ती क्वचितच वाढते. मोठी गाठ असेल तर हा निर्णय गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावा.

१५. गाठ तीन सेंटिमीटरची आहे, पण प्रोलॅक्टिन थोडंसंच वाढलंय. आता काय समजायचं?

इथे चूक झाली तर चुकीचा उपचार होतो, म्हणून सावकाश वाचा. मेंदूकडून डोपामिन एका बारीक देठातून पिट्युटरीत उतरतं. कुठल्याही प्रकारच्या मोठ्या गाठीनं तो देठ दबला तर प्रोलॅक्टिन थोडं वाढतं. ही प्रोलॅक्टिनची गाठ नव्हे. गोळीनं आकडा उतरेल, गाठ मात्र तशीच राहील, आणि तिला ऑपरेशनच लागेल.

दुसरी शक्यता बरोबर उलटी. प्रोलॅक्टिन इतकं प्रचंड असतं की तपासणीची रसायनंच त्यात बुडून जातात आणि आकडा खोटा, कमी येतो. याला हूक परिणाम म्हणतात. रक्ताचा नमुना शंभर पट पातळ करून पुन्हा तपासला की खरा आकडा बाहेर येतो. गाठ मोठी आणि आकडा छोटा असेल तर "पातळ करून तपासलंय का?" हे जरूर विचारा. या एका वाक्यानं ऑपरेशन टळू शकतं.

गाठ नसतानाही आकडा वाढतो. गर्भारपण, थायरॉइड कमी असणं, डोमपेरिडोन ही नेहमीची कारणं. पार्किन्सनच्या गोळीची मळमळ थांबवायला डोमपेरिडोन देतात, तेव्हा तिथेही हे दिसतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी सांगा, त्यानं हार्मोन्सचे आकडे चुकू शकतात.

१६. ऑपरेशन नाकातून कसं करतात? चेहऱ्यावर व्रण राहील का?

बाहेर व्रण राहत नाही. नाकपुडीतून दुर्बीण घालून, मागच्या स्फेनॉइड सायनसमधून खळगीचं पातळ हाड उघडतात आणि गाठ तुकड्या-तुकड्यानं काढतात. नाकाच्या वाटेनं पिट्युटरीपर्यंत पहिल्यांदा पोचले ते सर्जन हर्मन श्लॉफर, १९०७ मध्ये, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला. १९६० च्या दशकात न्यूरोसर्जन ज्यूल हार्डी यांनी सूक्ष्मदर्शक वापरून निरोगी ग्रंथी वाचवत फक्त गाठ काढणं शक्य केलं, आणि १९९० च्या दशकात दुर्बीण रुळली.

तीन-चार आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, वाकून जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही. वास काही काळ मंद राहतो. झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लावत असाल तर ते परत कधी सुरू करायचं हे सर्जनना विचारल्याशिवाय ठरवू नका.

१७. नाकातून पाणी येतंय. सर्दी आहे की मेंदूचं पाणी?

पुढे वाकल्यावर एकाच नाकपुडीतून नितळ पाणी ठिबकत असेल, घशात खारट लागत असेल, तर मेंदूचं पाणी समजून लगेच दाखवा. सर्दीचा स्राव चिकट असतो, रुमालावर वाळला की कडक होतो. थोडं पाणी स्वच्छ बाटलीत जमवून आणलं तर बीटा-२ ट्रान्सफेरिन तपासून नक्की सांगता येतं. ताप, मान ताठ, उजेड न सोसणं ही मेंदूज्वराची चिन्हं. तेव्हा रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

१८. ऑपरेशननंतर सारखी लघवी आणि तहान होती, ती थांबली. आठव्या दिवशी डोकं जड, मळमळ. साधा थकवा असेल ना?

थकवा धरून बसू नका, आजच सोडियम तपासा. सुरुवातीची लघवी पाणी राखणारं हार्मोन कमी पडल्यामुळे असते, बहुतेकांत ती काही दिवसांत थांबते. उरलीच तर त्या हार्मोनचं काम करणारं डेस्मोप्रेसिन देतात. पण चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काहींत तेच हार्मोन जास्त सुटतं, पाणी अंगात साठतं आणि सोडियम घसरतं. नेमका तेव्हा माणूस घरी आलेला असतो, आणि "भरपूर पाणी पी" असं सगळे प्रेमानं सांगत असतात. सोडियम फार घसरलं तर झटका येऊ शकतो. सातव्या दिवसाच्या सुमारास सोडियमची तपासणी डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेली नसेल तर मागून घ्या.

१९. कुशिंगसाठी ऑपरेशन झालं. आता कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य आलंय आणि अंगात त्राण नाही. काही चुकलं का?

उलट, ऑपरेशन यशस्वी झाल्याची ही सगळ्यात चांगली खूण आहे. कुशिंगमध्ये पिट्युटरीच्या गाठीमुळे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन फार जास्त बनतं. गाठीच्या अतिरेकामुळे निरोगी पेशी वर्षानुवर्षं झोपलेल्या असतात. गाठ गेली, त्या अजून उठलेल्या नाहीत. त्यांना जागं व्हायला सहा महिने ते वर्ष, कधी जास्तही लागतं. तोवर हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉल भरून काढणारी स्टिरॉइडची गोळी, घ्यावं लागतं. सांधे दुखतील, रडू येईल, आजार असतानापेक्षा वाईट वाटेल. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस खचतो, आणि मला या पेशंटांची फार काळजी वाटते.

ॲक्रोमेगॅलीत, म्हणजे ग्रोथ हार्मोनच्या गाठीत, चित्र वेगळं. ऑपरेशननंतर काही दिवसांतच बोटांची सूज उतरते, अडकलेली अंगठी फिरायला लागते. वाढलेलं हाड आणि जबडा मात्र परत लहान होत नाही.

२०. स्टिरॉइडची गोळी आयुष्यभर घ्यायची? एखादा दिवस चुकला तर?

पिट्युटरीनं काम सोडलं असेल तर घ्यावी लागते. ही गोळी शरीरात जे बनायला हवं होतं तेच भरून काढते, त्यामुळे स्टिरॉइडच्या नावानं घाबरून सोडू नका. ताप आला तर डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे दोन-तीन दिवस डोस दुप्पट किंवा तिप्पट करायचा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. ते घरात ठेवा आणि द्यायचं कसं हे घरातल्या एकानं शिकून घ्या. थायरॉइड आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसॉल भरतात, मग थायरॉइडची गोळी. क्रम उलटा झाला तर धोका होतो.

२१. गाठीचा थोडा भाग राहिलाय. रेडिएशन लगेच घ्यावं का?

सहसा नाही. पहिला खरा एमआरआय साधारण तीन महिन्यांनी, सूज उतरल्यावर करतात. उरलेला भाग वाढत असेल किंवा हार्मोन सोडत असेल तर गॅमा नाइफसारखी रेडिओसर्जरी, म्हणजे नेमक्या जागेवर एकवटलेलं रेडिएशन, उपयोगी, पण तिचा परिणाम दिसायला महिने ते वर्षं जातात. डोळ्यांच्या नसेपासून काही मिलिमीटर अंतर लागतं. पुढच्या वर्षांत निरोगी ग्रंथी हळूहळू मंदावू शकते, म्हणून हार्मोन्सची तपासणी सुटत नाही.

२२. अचानक प्रचंड डोकं दुखलं, एक पापणी खाली आली, दोन-दोन दिसतंय. गाठ असल्याचं आधीपासून माहीत आहे.

वाचणं थांबवा आणि इमर्जन्सीत जा. गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तिथे पहिलं वाक्य "पिट्युटरीत गाठ आहे" हेच असू द्या, म्हणजे स्टिरॉइडचं इंजेक्शन लवकर मिळेल. ऑपरेशन लागेल का, हे नजरेवर ठरतं.

२३. पार्किन्सनसाठी डीबीएस आहे, आणि आता पिट्युटरीची गाठ काढायचीय. दोन्ही जमेल का?

जमतं, पण तीन गोष्टी आधी ठरवून. यंत्राचं सध्याचं सेटिंग लिहून घेऊन ऑपरेशनपुरतं ते बंद करतात, आणि रक्त थांबवायला शक्यतो बायपोलर कॉटरी वापरतात, म्हणजे वीज चिमट्याच्या दोन टोकांतच राहते. पार्किन्सनच्या गोळ्या ऑपरेशनच्या सकाळपर्यंत चालू ठेवायच्या आणि शुद्धीवर येताच लगेच पुन्हा द्यायच्या. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड द्यायचं नाही, हे केसपेपरवर ठळक लिहून घ्यायचं. यंत्र पुन्हा चालू करायला कोण येणार, त्या व्यक्तीचं नाव आणि फोन आदल्या दिवशीच घ्या. घरच्या माणसानं रिकव्हरीच्या दाराशीच विचारावं: यंत्र चालू केलं का?